हरलो हो काका

२०२२ साल होतं, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. रोज संध्याकाळी दिवा लागला की भिंतीपलीकडून फाशांची खळखळ सुरू व्हायची आणि तासाभराने हाक यायची, "हरलो हो काका!"

मी बसल्या जागेवरून ओरडायचो, "मग झोपा आता!"

हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी एकच पाहिला. इकडे उत्तरेत, नगरा मोहल्ल्यात, त्यांचं घर माझ्या घराला लागून. सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, मूळचे अकोल्याकडचे; मी त्यांना साहेब म्हणायचो. रिटायर झाले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. ती तिथून मोबाईलवर आणि हे इथून कंप्युटरवर, असे दोघे लुडो खेळायचे. कमी ऐकू यायचं म्हणून मशीनचा आवाज मोठा. मी कधी तक्रार केली नाही. मीही एकटाच. खळखळ ऐकली की कळायचं, शेजारी माणूस आहे.

मी दतिया गेटला सायकली दुरुस्त करतो. शाळा चौथीपर्यंत. पण आमचे पूर्वज मराठी राज्याच्या वेळी इथे पूजेअर्चेसाठी आले, त्यामुळे रीतभात मला कोणी शिकवू नये.

साहेबांची मतं पक्की. "मोबाईलवर खेळणं म्हणजे उभ्याउभ्या जेवणं, काका. कंप्युटरसमोर माणूस निदान बसतो तरी."

"सायकलची चेन उतरली तर दिसते, साहेब. तुमच्या डब्यात काय उतरलं ते तुम्हालाही दिसत नाही."

"म्हणून तर डोकं चालवावं लागतं. एकदा फासा टाकून तर बघा."

"त्या खेळण्याला मी हात लावणार नाही."

मशीन अडलं की ते त्याच्या पाठीवर थोपटायचे. "विचार करतोय बिचारा. करू द्या."

एकदा मी मागे उभा राहून बघत होतो. घरात जाणारी सोंगटी सोडून त्यांनी भलतीच पुढे सरकवली. म्हटलं, "हे काय, साहेब? डोळे फुटले का?"

"हळू बोला," ते म्हणाले. "पोरगी ऑफिसात रोज हरून येते, काका."

त्या वर्षी खंडेनवमीला मी माझे पाने, पक्कड धुऊनपुसून मांडले, हळदकुंकू वाहिलं. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. सकाळीच जाऊन त्यांना म्हटलं, "तुमच्या मशीनचीही पूजा करा. एक दिवस त्यालाही विश्रांती."

"वा काका! इतके दिवस खेळणं होतं, आज हत्यार कसं झालं?"

"ज्याच्यावर माणसाचा दिवस चालतो ते हत्यार."

 मग उठून हळदकुंकू आणलं, दोन बोटं लावली, वर झेंडूचं फूल ठेवलं. म्हणाले, "अष्टमीला लाइट गेली, डाव अर्धाच राहिलाय. माझी पाळी आहे."

"राहू दे. आज बिलकुल चालू करायचं नाही."

"जशी आज्ञा."

संध्याकाळी खळखळ झाली नाही. होणार नव्हतीच. मी जेवलो आणि झोपलो.

दसऱ्याला इकडे लोक एकमेकांना विड्याचं पान खिलवतात. आम्ही मराठी लोक सोनं देतो. आपटा मिळत नाही, म्हणून कचनारची, म्हणजे कांचनाची पानं. ती घेऊन मी त्यांचं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मोहल्ल्यातले दोघे धावत आले. "दादा, अंदर से बंद है," म्हणत त्यांनी धक्के देऊन कडी तोडली.

साहेब भिंतीला लागून खाली पडले होते. माझ्या भिंतीला. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळीच गेले असावेत. लगेच गेले की वेळ लागला, ते सांगता येत नाही.

हाक मारली असेल का? मला ऐकू येतं, अजून चांगलं येतं. मी काही ऐकलं नाही. पण दुसऱ्या कुठल्याही दिवशी खळखळ झाली नसती, तर मी उठून बघायला गेलो असतो.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, मग त्यांना नेलं. परत आल्यावर ती मशीनकडे बघत उभी राहिली.

"हे हळदकुंकू?"

"मी सांगितलं म्हणून."

"बाबा परवा दुपारी फोनवर म्हणाले होते, आज काकांनी सुट्टी दिली आहे. म्हणून मीही संध्याकाळी फोन केला नाही." मग ती म्हणाली, "तुमची चूक नाही, काका."

"मी येऊन विचारलंही नाही," मी म्हटलं. 

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. अर्धा डाव तसाच होता. "बाबांची पाळी आहे. माझ्याने हे बंदही करवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. त्यांच्या घरी गेलो, मशीनवरचं सुकलेलं फूल उचललं आणि त्यांच्या खुर्चीवर बसलो. "चालू कर. कुठे दाबायचं ते सांग." तिने बोट धरून दाखवलं. खळखळ झाली. घरात जाणारी सोंगटी समोर होती. ती सोडून मी भलतीच सरकवली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती खेळत राहिली. डाव तिचा झाला, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "हरलो हो काका!"

पलीकडून उत्तर आलं नाही. पलीकडे मीच राहतो.