नववी बची खापरं

स्टाफरूममध्ये डबे उघडले की किस्सेही उघडतात. एकाने सुरू केलं की दुसऱ्याला आठवतोच! बाकीच्यांचे हसण्याचे, माझे मात्र घाबरण्याचे. पनवेलच्या आमच्या शाळेत नववी बला प्राचीन ग्रीसचा इतिहास मी शिकवते. आणि नववी बमध्ये प्रणय आहे. उंचापुरा, वडिलांचे ट्रेलर न्हावा शेवा बंदरात चालतात. सगळा वर्ग त्याला टरकून असतो. खरं सांगू? मीसुद्धा!

अथेन्समधल्या साथीचा धडा मी जरा जास्तच रंगवला. अंगाची लाही, घशाला कोरड, रस्त्यात प्रेतं! दोघीजणी स्वतःचंच कपाळ चाचपू लागल्या, एकीला घेरी आली. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. एका आईचा तर थेट फोनच आला. आवाज कापत होता.

"मॅडम, एवढंच सांगा, ती साथ आमच्या करंजाड्यापर्यंत आलीय का?"

मग स्पार्टा. तिथे मुलगा सात वर्षांचा झाला की रवानगी बराकीत. थंडीत अनवाणी, पोटाला अर्धं, रडला की फटके. ओपन हाऊसला एक वडील मुलाला घेऊन समोर बसले.

"मॅडम, ती शाला कुटं हाय? अॅडमिशन चालू हाय का?"

मी हसले. मुलगा पांढराफटक पडला. वडील हसत नव्हते!

इराणच्या राजाने ग्रीकांकडे दूत पाठवून माती आणि पाणी मागितलं. दिलं म्हणजे शरण आलो. मी विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" प्रणय बसल्या जागेवरून म्हणाला, "गपचूप द्यायचं ना मॅडम! मार कशाला खायचा?" मधल्या सुट्टीत वर्गातला प्रत्येक डबा आधी त्याच्यापुढे उघडतो. वर्ग हसला, पण तो हसतोय का हे आधी बघून.

आणि परवाचं. सुपरवायझरना प्रत्येक धड्याला 'अॅक्टिव्हिटी' हवी असते. अथेन्समध्ये ज्याची गावाला भीती वाटे त्याचं नाव लोक खापरावर लिहीत. जास्त मतं पडली की त्याने गाव सोडायचं. शाळेमागे जुनं घर पाडलं होतं, तिथून कौलांचे तुकडे आणले, टेबलावर माठ ठेवला आणि म्हटलं, वर्गात ज्याची भीती वाटते त्याचं नाव लिहून यात टाका. मला वाटलं, पोरं माझंच नाव लिहून मोकळी होतील.

"मॅडम, मी गोळा करतो," म्हणत प्रणय माठाशी येऊन उभा राहिला. नको म्हणायला हवं होतं. मी खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली! तो प्रत्येक खापर उलटंसुलटं करून बघायचा, मगच माठात टाकायचा. सगळी कोरी.

मग सानिका आली. गव्हाण गावाकडची, वर्गातली सगळ्यात लहानखुरी. उजवा हात प्लास्टरमध्ये. मागच्या आठवड्यात जिन्यावरून पडली. कशी पडली, ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने खापर आणि खडू प्रणयच्या पुढ्यात धरला.

"माजा हात चालत नाय. तू लिव."

"कोणाचं नाव?"

"तुजं."

पुढे व्हायचं सोडून मी खुर्चीमागे सरकले. प्रणयने तिच्या प्लास्टरकडे बघितलं. मग खडू घेतला, खाली वाकून आपलं नाव लिहिलं आणि खापर माठात टाकलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, आमची खापरं परत मिळतील का? नाव लिहायचं राहिलंय."