सील केलेला वस्तरा

ही केस अजून डोक्यातून जात नाही. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहाय्यक फौजदार होऊन घरी बसलो. नावे लिहीत नाही, ठाण्याचेही नाही.

घोलवडच्या एका चिकूवाडीवाल्याने चोरीची तक्रार दिली. वारलेल्या वडिलांचा वस्तरा कपाटातून गेला होता. जुन्या वस्तऱ्यांना हौशी लोक भाव देतात असे ऐकून विकायला शोधला, हे त्याने स्वतःच सांगितले.

आठवड्यात आमच्या खबऱ्याने, एका भंगारवाल्याने, टीप दिली.

"साहेब, उधव्याच्या बाजारात तो म्हातारा न्हावी एक वस्तरा घासतोय. काळ्या शिंगाची मूठ. असा घासतोय, जसा स्वतःच्या लग्नाला चाललाय."

हा न्हावी दुकान बंद केल्यापासून भंगारातले गंजके वस्तरे शोधायचा, दगडावर लावायचा, चामड्यावर परजायचा. त्याला वस्तऱ्यासकट उचलला. पंचनामा केला, वस्तरा कागदात गुंडाळून लाखेचे सील मारले.

"कुणी दिला?"

"नाय सांगता येत साहेब. शब्द दिलाय."

"चोराचा कसला शब्द रे?"

"चोर म्हणा. पण त्याला तेल लावून ठेवा. अर्धाच झालाय. इथली हवा खारी, उघडं पातं लगेच गंज धरेल."

"मुद्देमाल आहे तो. मला शिकवू नकोस."

त्याच्या उजव्या हातावर पट्टा ओढला. दोनदा. तरी नाव निघाले नाही.

त्याला कोठडीत टाकून पंचनामा परत वाचला. पात्याच्या बुडाशी अक्षरे कोरलेली, असे मीच लिहिले होते. तक्रारदाराच्या बापाच्या नावाची. पाते घासले होते, पण अक्षरांना धक्का नव्हता, उलट त्यातला मळ काडीने काढलेला. चोर आधी नाव घासतो. हे मला मारून झाल्यावर सुचले.

म्हणजे वस्तरा घरातल्याच कुणीतरी दिला असणार. घोलवडला गेलो. तक्रारदाराची आई ओटीवर बसली होती. विचारल्याबरोबर रडली.

"मीच दिला हो. ह्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून पडून गंजला होता. मी तो साफ करून घेऊन माझ्यापाशी ठेवणार होते. पोराला कळलं असतं तर विकला असता. म्हणून न्हाव्याला म्हटलं, कुणाला बोलू नकोस."

न्हाव्याला सोडले. वस्तऱ्याला मात्र कोर्टाचा हुकूम लागतो. तो येईपर्यंत पावसाळा गेला. सील फोडले तर कागद पात्याला चिकटलेला, धार खाल्लेली, अक्षरे वाचता येईनात. बाई तसाच तो घेऊन न्हाव्याकडे गेली. पट्टा बसलेल्या हाताची त्याची दोन बोटे अजूनही मिटत नव्हती. त्याने तो हातात धरून बघितला आणि परत दिला.

चोर ओळखायला पुष्कळ शिकलो, पण वस्तू कशी जपायची हे ज्याला माहीत होते, त्याला मी गप्प बसवले. आणि ज्याने गप्प बसायचे ठरवले होते, त्याला बोलता करायला गेलो. या केसने मला एवढेच शिकवले, आणि उशिरा. गेल्या वर्षी माझी बायको गेली. तिचा फणी-आरसा सुनेने आवरून कुठे टाकला, माहीत नाही. त्या दिवशी बाईचे रडणे मला खरे कळले.

मग उधव्याला गेलो. न्हावी दारात बसला होता. म्हटले, माझे चुकले.

"बसा साहेब," तो म्हणाला. "ते तुमचं कामच होतं."

मी बसलो नाही. त्याने शिवी दिली असती, तर बसलो असतो.