गरम खोलीतली पुलेंग

व्यायामशास्त्र शिकलेल्या पोरीला नोकरी कुठे लागणार? जिममध्ये, दुसरीकडे कुठे! पुलेंगच्या वर्गातली निम्मी पोरं आज ब्लूमफाँटेनच्या जिममध्ये पैसेवाल्यांची पोटं उतरवतात. ही मात्र हटून बसली. म्हणाली, मला राबणाऱ्या माणसांत काम करायचंय. आणि आली आमच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कम गावच्या सोन्याच्या खाणीवर. मी इथली नर्स, खाणकामगारांचे रक्तदाब बघता बघता म्हातारी झालेली. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं की बाई गं, जिममध्ये घाम गाळायला माणूस पैसे मोजतो, इथे घाम सुटला नाही तर माणूस मरतो. ती नुसती हसली. खोटं कशाला बोलू, मला ते हसणं आवडलं नव्हतं.

खाली जमिनीच्या पोटात खडक तव्यासारखा तापलेला असतो. म्हणून सुट्टीवरून आलेल्या प्रत्येकाला आधी आमच्या गरम खोलीत, वाफेत, घंटीच्या तालावर ठोकळ्यावर चढ-उतर करावी लागते. मग जिभेखाली थर्मामीटर. अंग फार तापलं की नापास, आणि दोनदा नापास झाला की खाली उतरणं कायमचं बंद. जानेवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, तर इथे जत्राच असते. ख्रिसमसला गावी जाऊन मटण आणि ज्वारीची बिअर रिचवून आलेले, सावलीत बसून सुस्तावलेले सगळे बाप्ये रांगेत उभे. आणि ही शहाणी माणसं करतात काय, तर बर्फाचा खडा जिभेखाली दाबून ठेवतात. थर्मामीटर फसतो. असाच बर्फावर पास झालेला एक धडधाकट गडी मागे चादरीत गुंडाळून वर आणला होता. तरी बर्फ काही सुटला नाही.

पुलेंगनं तो सोडवला. प्रत्येकाला तोंड उघडायला लावायची, मग तोंडातला गारवा जाईपर्यंत गप्प बसवून ठेवायची. माणसं तिला दातांची डॉक्टर म्हणून चिडवायची. ती म्हणायची, चिडवा, पण तोंड मिटून चिडवा.

त्याच रांगेत न्टाटे मोत्लात्सी सापडले; न्टाटे म्हणजे बाबा, वडीलधाऱ्यांना आम्ही तसंच म्हणतो. लेसोथोच्या डोंगरातले, उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर घोंगडी. पुलेंगचा बाप आणि ते एकाच ड्रिलवर राबलेले, त्यामुळे ती त्यांच्या मांडीवर खेळलेली. त्यांच्याच जिभेखालून तिनं बर्फ काढला आणि त्यांनाच नापास केलं. दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणाली, तोवर अंग उकाड्याला सरावलं पाहिजे. ते घोंगडी सावरून निघून गेले. पोरगी माझ्या खोलीत येऊन ढसाढसा रडली. "म्मे, पास केलं तर खाली मरतील, नापास केलं तर घरी उपाशी मरतील." म्मे म्हणजे आई, आणि मी तिला आईसारखीच. तिचे डोळे पुसले आणि पुढ्यात चहा ठेवला.

ते परत आले तेव्हा गाल बसलेले, डोळे लालभडक. तोंडात बर्फ नव्हता. खोलीत शिरताच अंगावरून घामाच्या धारा लागल्या, नाडी शांत चालली, थर्मामीटरही खालीच राहिला. मी खूश झाले. पुलेंगनं मात्र थर्मामीटर झटकून पुन्हा लावून पाहिला.

"म्मे, घाम किती लवकर सुटला बघितलंत?" ती हळूच म्हणाली. "रोज उकाड्यात राबल्याशिवाय अंग असं होत नाही. एवढा उकाडा यांना मिळाला कुठे?"

वेल्कममध्ये तसा उकाडा आणखी एकाच ठिकाणी आहे. मक्याच्या शेतांपलीकडचा जुना बंद शाफ्ट, खाणीत उतरायची खोल विहीर. तिथे चोरून सोनं काढणारे उतरतात, तोंडाशी बंदूकवाले बसतात, आणि आत गेलेल्याला बाहेर कधी सोडायचं हे तेच ठरवतात. गावात कुणी त्या जागेचं नावही घेत नाही.

तिनं दार लावलं आणि सरळ विचारलं. न्टाटे सावकाश शर्टाची बटणं लावत राहिले. म्हणाले, "पोरी, अंग सरावलं पाहिजे असं तूच म्हणालीस. मी सरावून आलो."

मला राहवलं नाही. ते लोक एवढे दयाळू कधीपासून झाले, की तुम्हाला फुकटात वर सोडलं, असं मी फटकन विचारलं. न्टाटे माझ्याकडे बघेचनात.

"आत माणसं भराभर कोसळतात," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मेलेला वर ओढायचा म्हणजे त्यांचं काम अडतं. कोण टिकेल ते आधीच कळलं तर बरं, असं त्यांच्या म्होरक्याचं म्हणणं. मी म्हटलं, आमच्याकडे एक पोरगी आहे, तिला अंग बघूनच कळतं."

"माझं नाव सांगितलंत?"

"नाव सांगितलं, म्हणून तर वर आलो, पोरी."

असा राग आला मला, वाटलं ती घोंगडी ओढून त्यांना बाहेर हाकलावं. पुलेंगनं वही पुढे ओढली. त्यांचं अंग खरोखरच पास झालं होतं, तेव्हा तिनं पासच लिहिलं. त्यांनी दोन्ही हात जुळवून आभार मानले आणि खाली वाकून निघून गेले.

मी तिच्या मागे लागले की आजच्या आज मावशीकडे ब्लूमफाँटेनला जा, वाटेत पोलिसांना सांग. ती म्हणाली, पोलिसांतलं कोण कुणाचं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं. शेवटी मीच तिची पिशवी भरली आणि तिचा हात धरून भर दुपारी तिला फाटकाशी आणलं.

फाटकाबाहेर एक पांढरी गाडी उभी होती. आतल्या माणसानं काच खाली केली, आदबीनं टोपी काढली आणि आउसी पुलेंग, म्हणजे पुलेंगताई, कुठे भेटतील असं मला विचारलं.

"ती सुट्टीवर गेली," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली, पण बघत होता तो तिच्याकडेच.

"असू दे, म्मे. त्यांना एवढंच सांगा, आमची माणसं सोमवारी गरम खोलीच्या रांगेत उभी असतील, कोण टिकेल ते त्यांनीच सांगायचं."