सायलसचा कावा

पुरुष संध्याकाळी जमतात त्या सायलस गाराएच्या पिण्याच्या घरात कावा बिघडलाय, ही कुजबुज आमच्या बेटावरच्या लोलतोंग गावात आधी बायकांनी सुरू केली. एकीचा नवरा दुपारपर्यंत उठत नव्हता, दुसरीचा उठून ओकत होता. खरं तर कावाची मुळी पाण्यात कोळून संध्याकाळी दोन करवंट्या प्यायल्या की अंग सैल पडतं, डोक्यातली कटकट निवते, गाढ झोप लागते आणि पहाटे माणूस ताजातवाना मळ्यावर जातो. लघवीला जळजळ झाली तरी आम्ही तीच देतो. कुणाला आडवं पाडणं हे तिचं काम नव्हे.

सायलस मोठा जाणकार. तुकडा चघळून मुळी कुठल्या डोंगराची, किती वर्षांची ते सांगायचा. त्यामुळे चूक त्याची असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याचा संशय थेट मेव्हण्यावर, बोएवर गेला. बोएनं ईस्टरला त्याला भाराभर मुळ्या दिल्या होत्या.

"त्यानंच काहीतरी मिसळलंय," तो बायकोला म्हणाला.

"माझा भाऊ आहे तो," मोतारी म्हणाली.

"म्हणूनच तुला दिसत नाही."

तेव्हापासून तो पाण्याच्या भांड्यापाशी पहारा देऊन बसू लागला. बोए आत आला की बोलणं थांबायचं. एकदा बोएनं विचारलं, "दाजी, मला करवंटी नाही?"

"तुझी तू घरून आण," सायलस सगळ्यांसमोर म्हणाला.

बोए उठून गेला. दोन महिने फिरकला नाही.

मग सायलसची भाची माबोन शेतीचं शिक्षण घेऊन सांतो बेटावरून परतली. तिनं बोएची आणि मामाच्या मळ्यातली, अशा दोन मुळ्या वाळवून कुटल्या, दोन बाटल्यांत भरल्या आणि वर नेलपॉलिश काढायचं असिटोन ओतलं. वासानं सगळे मागे सरकले. सायलस मात्र बाटलीवर नाक टेकवून बसला होता.

"मामा, वास सहन होतोय?"

"कसला वास?"

माबोन त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं बोएच्या मुळीचं पाणी पिवळं झालं, सायलसच्या मुळीचं तांबूस नारिंगी.

"बाटल्या बदलल्यास तू!" सायलस ओरडला.

त्यानं स्वतः बाटल्यांना खुणेचे दोरे बांधून तीनदा करायला लावलं. तीनदा तेच.

"मामा, मन शांत करणारी द्रव्यं दोन्हीत आहेत," माबोन म्हणाली. "पण काही जातींत एक वेगळं द्रव्य जास्त असतं, त्यानं रंग असा चढतो. या जातींची धुंदी दोन दिवस उतरत नाही. वादळात तुझा मळा गेला, त्यानंतर रोपं कुठून आणलीस?"

"नदीच्या वरच्या अंगाला उगवलेली होती. त्यांचीच कांडी लावली."

"आणि यंदा मुळ्या काढल्यावर चाखल्या नाहीस?"

सायलसनं बाटली दूर सारली. मग म्हणाला, "चाखल्या. पण गेल्या वर्षीच्या तापापासून मला वास येत नाही, चव लागत नाही. मीठसुद्धा नाही."

"वर्षभर मी रांधलेल्या लापलापला नावं ठेवलीस ती कशी मग?" मोतारी कडाडली.

त्यानं मळ्यातलं कावाचं प्रत्येक झाड उपटलं. हातांना फोड आले तरी कुणाला मदत करू दिली नाही. मग आमच्याकडे माफी मागताना देतात ती लाल चटई आणि एक डुक्कर घेऊन तो बोएच्या दारात उभा राहिला. "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला," एवढंच म्हणाला. बोएनं चटई घेतली, डुक्कर बांधलं. सायलसनं बोएच्याच मळ्यातली मुळी कोळून करवंटी पुढे केली. बोएनं ती हातात धरली, पण ओठांना लावली नाही.

"दाजी, आधी तू."

सायलसनं ती एका दमात रिकामी केली. बोए त्याच्याकडे एकटक बघत होता. बऱ्याच वेळानं त्यानं दुसरी करवंटी भरून घेतली, अर्धी प्यायली आणि उरलेली अंगणात ओतली. "अर्धा राग अजून आहे, दाजी," तो म्हणाला.