धाब्यावरचं मोठं पॅनल

लग्न होऊन मी पाथर्डीकडच्या एका वस्तीवर आले, तेव्हा गावात वीज होती, पण वस्तीपर्यंत खांब पोचले नव्हते. चिमणीच्या धुरानं सासूबाईंचे डोळे सतत चुरचुरायचे. माझे यजमान शाळेत विज्ञान शिकवायचे. उन्हावर दिवे लावायचं त्यांनी मनावर घेतलं आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं नगरला गेलो.

दुकानदारानं दोन पॅनल समोर ठेवली. एक आटोपशीर, गडद निळं, महाग. दुसरं चांगलं दुप्पट मोठं, तपकिरी आणि स्वस्त. यजमान लहानावरून हात फिरवत म्हणाले, "हेच घेऊ. याची कार्यक्षमता जास्त आहे."

"मग याच्यावर दिवे जास्त येळ चालतील का?" मी विचारलं.

"तसं नाही वहिनी, वीज दोन्हींची सारखीच," दुकानदार म्हणाला. "हे तेवढीच वीज कमी जागेत देतं. शहरात गच्ची एवढीशी असते, तिथं हेच लागतं."

मी यजमानांकडे वळले. "अहो, आपल्या घरावरचं मातीचं धाबं केवढं पसरलंय! जागा वाचवून करायचं काय?"

ते जरा खट्टू झाले. मग स्वतःशीच हसले आणि मोठं बांधायला सांगितलं. वाचलेल्या पैशात बॅटरी चांगली मिळाली.

परतताना एसटीच्या कंडक्टरनं ती काच बघून लांबूनच हात जोडले. शेवटी एका जीपवाल्यानं आम्हाला घेतलं. मागच्या सीटवर पॅनल उभं धरून मी बसले. प्रत्येक खड्ड्याला यजमान आनंदानं म्हणायचे, "लहान असतं तर मांडीवर बसलं असतं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते धाब्याच्या मधोमध, दक्षिणेला तोंड करून बसवलं. थोड्या वेळानं सासूबाई कुरडया घालायला वर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आगं, हे काय आनून ठिवलं? माझ्या कुरडयांवर सावली पडती की!"

धाबं मोकळं आहे, असं मी दुकानात ठासून सांगितलं होतं. ज्यांचं ते होतं त्यांना मात्र विचारलंच नव्हतं. यजमान पोट धरून हसले. मग तिघांनी मिळून पॅनल पार मागच्या, उत्तरेच्या कडेला सरकवलं. सावली घराबाहेर पडू लागली. काचेवर धूळ बसली की वीज कमी होते, हे कळल्यावर ती पुसायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं.

संध्याकाळी ट्यूब लागली. सासूबाई बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, उजेड बघून गहिवरल्या असतील.

"लई काळी झालीय गं भित," त्या म्हणाल्या. "उद्याच चुना आना."

चुना आला. आम्ही दोघींनी दुपारभर भिंती रंगवल्या. त्या संध्याकाळी खोली आणखीच लखलखली. यजमान शाळेतून आले आणि दारातच थबकले. "दुसरी ट्यूब कधी लावली?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो.