अर्धा कोयता

शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात पीएच.डी. करते म्हटलं की गावात लोक विचारायचे, "म्हंजी नोकरी कायची?" मला नेमकं सांगता यायचं नाही आणि राग मात्र त्यांचा यायचा. नाचता येईना, अंगण वाकडं.

शेवटचं प्रकरण लिहायला मी धारूरजवळच्या आमच्या गावी आले, ते दुष्काळाचं वर्ष होतं. ऊसच वाळल्यामुळे सहकारी कारखान्यांचे हंगाम लवकर आटोपले आणि तोडीला गेलेली आई संक्रांतीआधीच परतली. टँकरच्या रांगेत हंडे लावून आम्ही दोघी लिंबाखाली बसायचो.

"काय लिव्हायलीस?" तिनं एकदा विचारलं.

मी रुबाबात वाचून दाखवलं. माणूस शेवटी एकटाच शिकतो. शिक्षणाचं एकक म्हणजे व्यक्ती.

"एकक म्हंजी?"

"मोजायचं माप. तुमच्यात कोयता असतो तसं." ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजतात.

आई हसली. "आन् एकटा म्हंजी अर्धा कोयता. त्याला मुकादम टोळीत घेत न्हाई. तुझा बाप पडला तवा माझ्यासंगं कोन आलतं?"

तिच्यासोबत ताई गेली होती. वडिलांचा पाय मोडला तेव्हा ती आठवीत होती, माझ्यापेक्षा हुशार. शाळा सोडून ती आईची जोडीदार झाली आणि मी वसतिगृहात शिकत राहिले. एवढ्या जाड प्रबंधात तिच्याबद्दल अक्षर नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी प्रकरण मागं घेतलं. मुदत तोंडावर आलेली, मार्गदर्शक सर तापले. "तत्त्वज्ञानात बहीण कुठून आणली?" म्हणाले. मी हट्टानं नव्यानं लिहिलं की कुणीच एकट्यानं शिकत नाही, आणि ज्याच्या जिवावर आपण शिकलो त्याचं शिक्षण राहिलं तर आपलंही अर्धंच राहतं. सरांनी सही केली. "परीक्षकांपुढे तुमचं तुम्ही निस्तरा."

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही प्रश्न विचारू शकतं. ताई पहाटेच्या एसटीनं येऊन शेवटच्या रांगेत बसली. परीक्षकांनी मला तासभर पिंजून काढलं, मग रीतीप्रमाणे श्रोत्यांना विचारलं, कुणाला काही?

ताई उभी राहिली.

"हिनं लिव्हलंय ते खरं हाय का?"

"आम्हाला तरी पटलं," परीक्षक म्हणाले.

"मंग माझा लंबर कवा?"

सगळे हसले. ताई हसली नाही.

पदवी मिळाली. त्याच आठवड्यात आम्ही दोघी तिच्या जुन्या शाळेत गेलो, दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरायला. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. कारकुनानं तो काढून दिला. सोडण्याचं कारण म्हणून लिहिलं होतं, 'सतत गैरहजर'. मला रडू आवरेना.

ताईनं ते दोनदा वाचलं. "खोटं हाय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन फॉर्म भरायला बसली.