तिरक्या अक्षरांतले शब्द

"आधी हात दाखव."

शालूनं असं म्हटलं की मी दोन्ही तळवे पुढं करायचे. भेगांत भांड्यांची राख राहिली नाही ना, हे ती बघायची. मग पुस्तक हातात. तेही ओसरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचायला. मिठागरातली पोर इंग्रजी वाचते, ही त्या घरातली गंमत होती.

हे एकोणीसशे तीसच्या पुढचं. मी चौदा वर्षांची. बा मिठागरावर राबायचा. रेवदंड्याला इंग्रजी शाळा होती म्हणून त्यानं मला वकिलांच्या घरी ठेवलं होतं. घरकाम करायचं, जेवायचं, शाळेत जायचं. शालू वकिलांची मुलगी. माझ्याच वयाची, पण मुंबईत शिकणारी. सुट्टीत यायची ती पेटीभर कादंबऱ्या घेऊन. मी जळायचे. पेटीवर, कादंबऱ्यांवर, झोपाळ्यावर पाय हलवत पान उलटणाऱ्या तिच्या बोटावर. देवाला म्हणायचे, हिचे डोळे येऊ देत. चांगले आठ दिवस. म्हणजे पुस्तकं मला. अशी मी गुणी बाळ!

त्या सुट्टीतली कादंबरी एका साहेबाची होती. तो स्पेनमधल्या खेड्यात एका म्हातारीच्या घरी उतरतो. इंग्रजी मला जमत होतं. पण म्हातारी बोलायला लागली की मध्येच तिरक्या अक्षरांत तिच्या भाषेतले शब्द. अर्थ कुठंच दिलेला नाही. मी अडखळले. ओसरीवर जमलेले पाहुणे हसले.

"ते सोड गं," शालू म्हणाली. "तिरके शब्द मिठागरवाल्यांसाठी नसतात."

ती स्वतः वाचायची तेव्हा त्या शब्दांपाशी बारीक हसायची आणि पुढं जायची. मला वाटायचं, हिला सगळं कळतं. त्या हसण्यावर मी सगळ्यात जास्त जळले.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी भांडी घासताना ते शब्द पुटपुटत होते. साल. कासा. सिंको, सेइस. पायरीवर रोझाबाय मासळीची पाटी घेऊन बसली होती. खाडीपलीकडच्या कोर्लईची ती ख्रिस्ती बाई. तिला पायरीच्या वर यायची मुभा नव्हती. ती खुदकन हसली.

"काय गो, आमचे घरची भास वाकडी करून बोलतंस?"

पोर्तुगीज गेले, पण त्यांची बोली कोर्लईच्या घरांत राहिली. स्पॅनिश तिची बहीण, हे मला पुष्कळ नंतर कळलं. रोझाबायला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं खवले काढता काढता सांगून टाकलं. साल म्हणजे मीठ. कासा म्हणजे घर, "आमी काझ म्हनतो." सिंको, सेइस म्हणजे पाच, सहा.

म्हातारी साहेबाच्या मासळीवर मीठ घालत होती. आणि मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ ओळखता आलं नव्हतं! आनंद व्हायला हवा होता ना? मी रोझाबायवरही जळले. हिला फुकटात, आणि मला नाही.

संध्याकाळी पुन्हा ओसरी भरली. शालू वाचत होती. त्या शब्दापाशी आली, बारीक हसली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. माझ्या तोंडून निघालं, "साल म्हणजे मीठ."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "तुला कसं कळलं?"

मागच्या दारी रोझाबाय राहिलेल्या बोंबलाचे पैसे मागायला आली होती. माझ्या पाठीमागेच, ओसरीवरचं सगळं तिला ऐकू जात होतं. मला ते माहीत होतं.

"डिक्शनरीत बघितलं," मी म्हणाले.

"डिक्शनरी माझ्या कपाटात आहे. कुलपात," शालू म्हणाली. "कपाट उघडलंस? चोरटी!"

मग मात्र खरं बोलले. चोर ठरायच्या भीतीनं बोलले, हेही लिहून ठेवते. "रोझाबायनं सांगितलं."

ओसरी खदखदून हसली. मासळीवालीला स्पॅनिश! वकीलसाहेबांनी हाक मारली, "ए बाई, पुढं ये. जरा बोलून दाखव."

पहिल्यांदा तिला ओसरीपर्यंत बोलावलं होतं. ती जागची हलली नाही.

"म्हावरा घ्यायचा तर घ्या. भास इकायला न्हाय आनली."

ती निघाली. शालूनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. "वाच आता तूच. तुझ्या मासळीवालीला विचारून."

मला ते पुस्तक किती हवं होतं! हात निघालाच होता. मी ट्रे खाली ठेवला. "तुमच्या गमतीसाठी नाही वाचणार," म्हटलं, आणि मागच्या दारानं धावत सुटले. रोझाबाय खाडीवर, होडी लागते त्या वाटेवर सापडली.

"मला आणखी शिकव."

तिनं पाटी सावरली. "डिक्शनरीत बघ की गो."

आणि होडीत चढली. मी तिचं नाव लपवलं होतं, ते तिनं ऐकलं होतं.

जळणं गेलं असं समजू नका. आजही कुणी भराभर इंग्रजी वाचताना दिसलं की पोटात दुखतं. पण तिथं, चिखलात उभी राहून ठरवलं ते मोडलं नाही. कुणाच्या ओसरीवर करमणूक म्हणून वाचायचं नाही. आणि ज्या तोंडातून शब्द घेतला, त्याचं नाव आधी घ्यायचं. समोर वकील असो, साहेब असो. हसणाऱ्यांनी हसावं.